छोटी साइट, मोठी चौकशी

फेस्टचे दिवस जवळ आले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे अटेंडन्सची बोंब आणि दुसरी म्हणजे वेबसाइट! प्रत्येक कमिटीला स्वतःची साइट हवी असते. कॉम्प्युटरची पोरं दोन-चार रात्री जागतात, कुठलंतरी टेम्प्लेट उचलतात, वर फिरणारा लोगो, खाली काउंटडाऊन, मधे रजिस्ट्रेशनचा फॉर्म, आणि झाली साइट 'लाइव्ह'. मग चर्चा होते ती रंगांची, फॉन्टची, मोबाइलवर मेनू नीट उघडतो की नाही याची. पण ही साइट तिच्याकडे येणाऱ्या माणसाकडून काय काय घेते, ते कुठे ठेवते आणि कोणाला देते, हा प्रश्न एकाही मीटिंगमध्ये निघत नाही. सर विचारत नाहीत, मॅडम विचारत नाहीत, आणि आपण तर नाहीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जी माहिती कामाला लागत नाही ती साइटनं घेऊ नये. घेतलेली माहिती जाहिरातवाल्याच्या किंवा स्पॉन्सरच्या हवाली करू नये. आणि "आमची साइट छोटी आहे हो, कोण बघतंय!" ही सबब चालवून घेऊ नये. छोट्या साइटची आणि मोठ्या कंपनीची गाठ कुठे पडते, ते बघितलं की ही सबब किती पोकळ आहे ते कळेल.

आधी रजिस्टरपासून सुरुवात करू. होस्टेलच्या गेटवर इन-आउट रजिस्टर असतं. नाव, रूम नंबर, कुठे चाललात, किती वाजता परत. सर्व्हरकडेही असंच रजिस्टर असतं, त्याला लॉग म्हणतात. तुम्ही एखादं पान उघडलंत की त्यात एक ओळ पडते. त्यात तुमचा आयपी अ‍ॅड्रेस, तारीख आणि वेळ, कुठलं पान मागितलं, कुठल्या साइटवरून आलात आणि कुठला ब्राउझर वापरता हे सगळं असतं. (यातल्या 'कुठून आलात' या रकान्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगच चुकलंय. 'रेफरर'मधला एक 'आर' गळला, १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तो तसाच राहिला आणि आजतागायत सगळं जग ती चूक निमूटपणे टाइप करतंय. आपण टर्मवर्कमध्ये केली असती तर लाल शाई ठरलेली होती.) हे रजिस्टर असायला माझी हरकत नाही. साइट का पडली, कोणी हल्ला केला का, हे शोधायला ते लागतंच. पण काम झाल्यावर ते पुसायला हवं. वर्षानुवर्षांचे लॉग सर्व्हरवर पडून असतात ते गरज म्हणून नव्हे, कोणाच्या लक्षातच नसतं म्हणून.

आता कुकी. एचटीटीपीला स्वतःची स्मरणशक्ती नाही. प्रत्येक वेळी तुम्ही त्याच्यासाठी नवीनच पाहुणे असता. मग ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गेल्यावर लक्षात कशी राहणार? यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या इंजिनिअरनं तोडगा काढला तो म्हणजे कुकी. ही कुकी म्हणजे सर्व्हरनं तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेला छोटासा मजकूर, जास्तीत जास्त चार केबीच्या आसपास. पुढच्या वेळी ब्राउझर तो मजकूर आपणहून परत दाखवतो.

आपल्या धोब्याचं उदाहरण घ्या. कपडे घेताना तो कॉलरच्या आत काळ्या शाईनं एक खूण करतो. आपल्याला त्या खुणेचा अर्थ लागत नाही, पण कपडा परत त्याच्या हातात आला की हा कोणाचा ते त्याला बरोबर कळतं. कुकी म्हणजे हीच खूण. तिच्यात वाईट काही नाही. कॉलेजच्या पोर्टलवर लॉगिन केल्यावर दर पानाला पासवर्ड मागत नाहीत तो कुकीचाच प्रताप. (आणि लॅबच्या पीसीवर लॉगआउट न करता उठलात तर मागून येणाऱ्याला तुमचा इंटर्नलचा निकाल दिसतो, तोही तिचाच!)

भानगड पुढे आहे. वेबपेजचे सगळे तुकडे एकाच सर्व्हरवरून येत नाहीत. फॉन्ट एकीकडून, व्हिडिओ दुसरीकडून, नकाशा तिसरीकडून आणि जाहिरात चौथीकडून. यातल्या प्रत्येक सर्व्हरकडे तुमचा ब्राउझर स्वतः जाऊन "हे द्या" म्हणतो, आणि प्रत्येकाला तुमचा आयपी दिसतो. शिवाय प्रत्येकजण आपली खूण करू शकतो. ही 'थर्ड पार्टी' कुकी. आता कल्पना करा, गावातल्या सगळ्या होस्टेलचे, लॉजचे आणि दवाखान्यांचे कपडे एकच धोबी धुतो. कुठल्या रात्री तुमचा शर्ट कुठून आला हे त्याला केवळ खुणेवरून सांगता येईल. तुमचं नाव त्याला माहीत असायचीही गरज नाही. जाहिरात कंपनीचं नेमकं हेच होतं. तिचा कोड हजारो छोट्या साइट्सवर असतो. तुम्ही सकाळी कटऑफ बघता, दुपारी केस गळण्यावरचे उपाय, रात्री एज्युकेशन लोन. तीन साइट्स, तीन वेगळे मालक. पण रजिस्टर एकच.

हा धोका कोणाला कळला नव्हता असं नाही. कुकीचं पहिलं मानक १९९७ मध्ये आलं. त्यातच लिहिलं होतं की वापरणाऱ्यानं मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ब्राउझरनं अशा परक्या कुकीज स्वीकारू नयेत. पण तोवर जाहिरातीचा धंदा उभा राहिला होता आणि ब्राउझरवाल्यांनी तिकडे काणाडोळा केला. सुधारणा व्हायला वीसहून जास्त वर्षं गेली. फायरफॉक्सनं २०१९ मध्ये ओळखीच्या ट्रॅकर्सच्या कुकीज आपोआप अडवायला सुरुवात केली. सफारीनं मार्च २०२० मध्ये परक्या कुकीज सरसकट बंद केल्या. गुगलनंही जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून दोन वर्षांत त्या काढू असं जाहीर केलं, मग मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तसंच चालेल असं सांगून टाकलं. आपल्यातले बहुतेकजण कुठला ब्राउझर वापरतात ते सांगायची गरज नाही.

पण मग छोटी साइट यात येते कुठून? तर २००३ पासून. त्या वर्षी गुगलनं अ‍ॅडसेन्स सुरू केलं. त्याआधी जाहिरात मिळवायची तर लोकांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. अ‍ॅडसेन्समुळे चार ओळींचा कोड चिकटवला की काम झालं. कविता लिहिणाऱ्याला, रेसिपी टाकणाऱ्याला, जुने पेपर स्कॅन करून ठेवणाऱ्याला घरबसल्या थोडे पैसे मिळायला लागले. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या चार ओळींतून येणारी जाहिरात कोण निवडतं? साइटचा मालक नव्हे. पान उघडताक्षणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमच्या नजरेचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांकडे साइटचं नाव, तुमचं साधारण ठिकाण, डिव्हाइस आणि ओळखीची खूण असा तपशील जातो. जाहिरात जिंकणाऱ्याची दिसते, पण तपशील हरणाऱ्यांनाही मिळालेला असतो. साइटच्या मालकाला पैशातली चिल्लर मिळते आणि त्याच्या वाचकाची माहिती कुठे कुठे गेली हे त्यालाही सांगता येत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, यापेक्षा वेगळं काय आहे हे?

साइटच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्रायव्हसी पॉलिसी' असते ती पाहिली आहे का कधी? दहा छोट्या साइट्सची उघडून बघा, मजकूर जवळपास तोच. कारण 'परक्या कंपन्या इथे कुकीज वापरतात' हे साइटवर लिहा अशी जाहिरात कंपनीचीच अट असते. म्हणजे ती पॉलिसी वाचणाऱ्यासाठी लिहिलेली नसते, अट पुरी करायला चिकटवलेली असते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी माझ्या अंगवळणी पडलेलं आहे, तरी एक पॉलिसी मला तीनदा वाचावी लागली आणि तरीही शेवटी माझी माहिती किती दिवस ठेवणार हे कळलं नाहीच. मग मराठी माध्यमातून पहिल्यांदाच इथे आलेल्या माझ्या ज्युनिअरनं काय समजून 'आय अ‍ॅग्री' दाबायचं?

कुकी तरी दिसत नाही. फॉर्म तर आपण आपल्या हातानं भरतो. बारावीनंतरचे ते दिवस आठवा. कॅप राउंडच्या कटऑफ याद्या सीईटी सेल स्वतः फुकट जाहीर करतं. तरी 'तुम्हाला कुठलं कॉलेज मिळेल' सांगणाऱ्या ढीगभर साइट्स असतात, आणि उत्तर दाखवायच्या आधी मोबाइल नंबर मागतात. मार्क आणि कॅटेगरी मागितली तर समजू शकतं, उत्तर काढायला ती लागते. पण नंबर कशाला? माझ्या घरी त्यानंतर दोन महिने फोन येत होते. "मॅडम, मॅनेजमेंट कोट्यातून सीट आहे, आज टोकन भरलं तर..." बाबा शेवटी अनोळखी नंबर उचलेनासे झाले आणि त्यात आत्याचा फोनही राहून गेला. हा अनुभव माझा एकटीचा नाही, आमच्या विंगमधल्या जवळजवळ प्रत्येकीचा आहे.

आणि आता आपण काय करतो? तेच! फेस्टला स्पॉन्सर म्हणून एखादा क्लास किंवा परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारा येतो. तो बॅनर मागतो, स्टॉल मागतो, आणि जाता जाता म्हणतो, "पार्टिसिपंट्सचा डेटाबेस मिळेल ना?" आपल्याला वाटतं, एक एक्सेल शीट तर आहे, देऊन टाकू. त्या शीटमध्ये कोणाकोणाची नावं, नंबर, जन्मतारखा, ब्रँच आणि वर्ष असतं. तोवर ती शीट 'एनीवन विथ द लिंक' करून व्हॉलंटिअर्सच्या ग्रुपवर फिरलेलीही असते. मुलींना विचारा याचा अर्थ काय होतो. रात्री साडेअकराला "हाय, तू ट्रेझर हंटमध्ये होतीस ना?" असा मेसेज येतो, तेव्हा नंबर कुठून गेला हे शोधत बसावं लागतं. आणि वर ऐकायचं कोणी, तर आपणच. "तू नंबर दिलासच कशाला?" अरे, तुमच्या फॉर्ममध्ये लाल चांदणी होती, भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हता!

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत, कारण कँटीनमध्ये ते येऊन गेलेत.

पहिला आक्षेप, "नाव काढून टाकलं की झालं, मग कुठे कोण ओळखतंय?" अमेरिकेतल्या लतान्या स्वीनी या संशोधक बाईंनी २००० साली दाखवून दिलं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड (त्यांच्याकडचा पाच आकडी झिप) एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. २००६ मध्ये एओएल कंपनीनं साडेसहा लाख लोकांचे सुमारे दोन कोटी सर्च नावांच्या जागी नुसते नंबर घालून प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी थोड्याच दिवसांत त्यातल्या एका नंबरामागची बाई शोधून काढली, तिनं काय काय शोधलं होतं एवढ्यावरून. आपल्या होस्टेलचंच गणित करा. समजा ३०० मुली, जन्मतारखा चार वर्षांत म्हणजे १४६१ दिवसांत सारख्या पसरलेल्या. एम-थ्रीमध्ये जी प्रोबॅबिलिटी शिकलो ती लावली तर साधारण दहातल्या आठजणींची जन्मतारीख दुसऱ्या कोणाशीच जुळत नाही. शेजारी ब्रँचचा रकाना असेल तर बघायलाच नको. नाव काढून उपयोग काय?

दुसरा आक्षेप पैशांचा. "जाहिरात नको तर होस्टिंगचा खर्च कोण देणार?" जाहिरात नको असं मी म्हणतच नाही! स्पॉन्सरचा लोगो साधं चित्र म्हणून आपल्याच सर्व्हरवर ठेवा, खाली त्याची लिंक द्या. पेपरात छापतात तशी जाहिरात. ती बघणाऱ्याचा पाठलाग करत नाही. मोठ्यांनीही हे करून बघितलंय. नेदरलँड्सच्या सरकारी टीव्हीच्या जाहिराती विकणाऱ्या स्टेर या संस्थेनं २०२० मध्ये कुकीवर चालणाऱ्या जाहिराती बंद करून नुसत्या मजकुराला साजेशा जाहिराती दाखवल्या, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तिचं उत्पन्न वाढलं. ज्या गिटहबवर आपले सगळ्यांचे प्रोजेक्ट पडलेले असतात, त्यानं डिसेंबर २०२० मध्ये गरजेच्या नसलेल्या सगळ्या कुकीज काढून टाकल्या आणि परवानगीची ती त्रासदायक पट्टीही काढली. पट्टी नको असेल तर कुकीच ठेवू नका, इतकं सोपं!

तिसरा आक्षेप, "स्पॉन्सरला व्हिजिटर्सचा आकडा दाखवावा लागतो." दाखवा की. गोअ‍ॅक्सेससारखी मोफत साधनं सर्व्हरचा लॉग वाचून आकडा काढून देतात, त्यासाठी परक्या कंपनीचा कोड लागत नाही. आणि चौथा, "इतक्या बारीकसारीक गोष्टीनं काय होतंय?" म्युनिकच्या कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याचा गुन्हा एवढाच, की फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता गुगलकडून मागवला आणि त्यामुळे वाचकाचा आयपी न विचारता तिकडे गेला. नुसता फॉन्ट!

"ते युरोपात, इथे कोण विचारतो?" असं म्हणू नका. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या पाळायला तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. फेस्ट कमिटीला कोणी २५० कोटी मागणार नाही हे मलाही कळतं. पण त्या कायद्यातल्या तीन गोष्टी थेट आपल्याला लागू पडणाऱ्या आहेत. एक, संमती मोकळेपणानं दिलेली आणि ठरावीक कामापुरतीच हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं हवं. दोन, काय माहिती घेतोय आणि कशासाठी, ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा. आपली मराठी त्या २२ भाषांत आहे बरं का! तीन, अठरा वर्षं पूर्ण नसलेला तो मूल. त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिरात दाखवायला बंदी आहे. शिक्षणाच्या कामापुरती संस्थांना काही सूट आहे, पण क्लासच्या जाहिरातीला शिक्षणाचं काम कोण म्हणेल? आणि आपल्या एफईत सतरा वर्षांची किती पोरं असतात ते ऑफिसमध्ये विचारून बघा.

तेव्हा या वर्षीच्या कमिट्यांकडे आणि त्यांच्या स्टाफ को-ऑर्डिनेटर सर-मॅडमकडे माझ्या मागण्या अशा. रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममधला प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते एका ओळीत लिहिता आलं पाहिजे, येत नसेल तर रकाना काढा. रोबो-रेसला जन्मतारीख लागत नाही. नंबर टीमच्या एकाचाच घ्या. शीट दोन माणसांकडे ठेवा, लिंकवर सोडू नका, आणि फेस्ट संपल्यावर महिन्याभरात पुसून टाका. सर्टिफिकेटसाठी नाव आणि कॉलेज ठेवलं तरी पुरे. परक्यांचे फॉन्ट आणि काउंटर काढा, व्हिडिओ आणि नकाशाची नुसती लिंक द्या. आणि स्पॉन्सरच्या कराराच्या कागदावर एक वाक्य छापा की विद्यार्थ्यांची यादी दिली जाणार नाही. ज्याला पाहिजे तो स्टॉलवर येऊन स्वतः नंबर देईल.

शेवटी साइटवर एक सूचना टाका, मराठीत. लांबलचक नको. 'ही साइट तुमचं नाव, कॉलेज आणि टीमचा एक नंबर घेते. तो स्पर्धेची वेळ कळवायला वापरतो. अमुक तारखेला पुसतो. कोणालाही देत नाही.' चार वाक्यं आहेत, लिहायला पाच मिनिटं पुरतील. मात्र ती खरी असायला हवीत, आणि ती खरी करायला एक संध्याकाळ लागेल. लोगो फिरवायला दोन रात्री जागणाऱ्यांना एवढं जड जाऊ नये.